झिजलेली बोटं, गप्प साउंडबॉक्स आणि जागा बदलणारी बटणं: वाचकांची प्रश्नोत्तरे

ॲप, वेबसाइट आणि यंत्रं सामान्य माणसाला वापरायला सोपी जातात की नाही, हे तपासण्याचं काम मी करते. सोलापुरातून येणाऱ्या बऱ्याच पत्रांची सुरुवात माफीनं होते: ‘आम्ही फार शिकलेलो नाही’, ‘वय झालं, आता डोक्यात शिरत नाही’. कृपा करून ही माफी मागू नका. रोज बाजारहाट करणारी, हिशेब चोख ठेवणारी माणसं एखाद्या स्क्रीनपुढे अडतात, तेव्हा तो स्क्रीन नीट बनवलेला नसतो. तो सुधारून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. या वेळची पत्रं थोडक्यात करून देते आहे.

प्रश्न: आईनं जन्मभर विड्या वळल्या. तिला आता ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ खात्याच्या १९९५ च्या योजनेची पेन्शन मिळते. हयातीच्या दाखल्याला सेंटरवर नेलं की मशीन तिचं बोट घेत नाही. सेंटरवाला सगळ्यांसमोर म्हणाला, ‘यांना ठसेच नाहीत.’ मोबाइलवर चेहऱ्यानं करायला गेलो तर पहिल्याच पानावर अडकलो. पेन्शन बंद पडेल का? (विडी घरकुल, कुंभारी)

आधी काळजी मिटवते. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते, पण दाखला जमा झाल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते. ईपीएस-९५ वाल्यांना नोव्हेंबरची वाट बघायचीही गरज नाही. वर्षात केव्हाही दाखला देता येतो आणि तो दिल्यापासून एक वर्ष चालतो. म्हणून गर्दी नसलेला महिना निवडा.

आता बोटांचं. तेंदूपान फर्म्यावर धरून कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. या प्रत्येक कामात बोटांची टोकंच घासतात. ठसे घेणारं यंत्र त्वचेवरच्या उंचवट्यांच्या रेषा वाचतं. त्या झिजल्या किंवा कातडी कोरडी पडली की त्याला काही दिसत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात अशा बाया घरोघरी आहेत, आणि बांधकामावरच्या मजुरांचीही हीच अडचण. ज्या शहरात हजारो बायकांच्या बोटांवर एक धंदा चालला, तिथं ‘अंगठा लावा’ हा एकच मार्ग समोर ठेवणं मला मनापासून चुकीचं वाटतं.

सेंटरवर गेलात तर फक्त अंगठा लावून परत येऊ नका. दहाही बोटं लावून बघा. करंगळी आणि अनामिका कमी घासलेली असतात. हात कोमट पाण्यानं धुऊन पुसायचे, त्वचा किंचित ओलसर राहिली की रेषा उठून दिसतात. यंत्राची काच पुसायला सांगा. डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र असेल तर तेही चालतं, विचारून घ्या.

चेहऱ्यानं दाखला देण्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे. त्यासाठी ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’चं चेहऱ्याचं ॲप अशी दोन ॲप लागतात. तुम्ही जिथं अडकलात तिथं बहुतेक सगळे अडकतात. ॲप उघडताच ते ‘ऑपरेटर’चा आधार क्रमांक, मोबाइल आणि ईमेल मागतं. लोक तिथं आईचा आधार टाकतात आणि चेहरा स्वतःचा दाखवतात, किंवा ‘आपण कुठे ऑपरेटर’ म्हणून बंद करतात. इथं ऑपरेटर म्हणजे फोन हाताळणारा माणूस, म्हणजे तुम्ही. आधी तुमचा आधार आणि तुमचा चेहरा, हे त्या फोनवर एकदाच करायचं. मग पुढच्या पानावर आईचा आधार, पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा), बँक खातं आणि आईचा चेहरा. ‘आधी मदत करणाऱ्यानं आपली ओळख द्यावी’ एवढं एक मराठी वाक्य तिथं असतं, तर कितीतरी पेन्शनर परत फिरले नसते.

आईला खिडकीकडे तोंड करून बसवा, खिडकी पाठीमागे नको. चष्मा काढा. फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि पापणी सावकाश मिटायला सांगा. तरीही जुळत नसेल तर आधारवरचा फोटो फार जुना असण्याची शक्यता आहे. आधार सेवा केंद्रात फोटो आणि ठसे नव्यानं करून घ्या. हे सगळं नकोच असेल तर पोस्टमनला घरी बोलवा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक घरी येऊन दाखला करते.

आणि काहीच जमलं नाही, तर पीएफ कार्यालयात लेखी अर्ज द्या: ‘ठसे व चेहरा जुळत नाही, पेन्शनर स्वतः हजर आहे.’ अर्जाची पोच घ्या. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सोयी वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी तो खटला लढवला. पापणी मिटून दाखवा, असं सांगणारी केवायसी, म्हणजे ओळख पटवण्याची पद्धत, त्यांना अशक्य होती. तुमच्या आईचा मुद्दाही त्याच जातीचा आहे. अर्जात त्या निकालाचा उल्लेख करायला लाजू नका.

प्रश्न: मंडईत भाजी विकतो. गिऱ्हाईक म्हणतं पैसे गेले, माझा साउंडबॉक्स (पैसे आले की बोलून सांगणारा डबा) बोलत नाही. ऐन गर्दीत रोज वाद. काय धरायचं खरं? (लक्ष्मी मार्केट)

तुमच्या खात्यात आलेले पैसे, एवढंच खरं. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट धरू नका, तो बनवता येतो. साउंडबॉक्सला स्वतःचं सिम असतं, रेंज गेली की पैसे येऊनही तो बोलत नाही. म्हणून तो गप्प राहिला की आपल्या ॲपमधली यादी उघडायची आणि गिऱ्हाइकाच्या व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक जुळवायचा.

पैसे कापले गेले आणि तुम्हाला मिळालेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम गिऱ्हाइकाच्या बाजूनं आहे. दुकानदाराला केलेल्या व्यवहारात पाच दिवसांत आणि माणसानं माणसाला पाठवलेल्यात दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं न मागता द्यायची असते. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगितलंत तर वाद निम्म्यावर येतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ‘यूपीआय लाइट’ ही छोट्या रकमांची सोय सुचवा. १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही आणि त्या क्षणी बँकेच्या सर्व्हरवर अडून राहावं लागत नाही. डब्याचा आवाज मराठीत करून घेता येतो, तोही करा.

प्रश्न: आजी तेलुगू बोलते, मराठी समजतं पण वाचता कुठलंच येत नाही. आम्ही नोकरीला गेलो की ती एकटी. स्मार्टफोन दिला, तर शिकवलेलं आठ दिवसांत विसरते. नाद सोडावा का? (दत्त नगर)

नाद सोडू नका. आणि ती खरंच विसरते का, हे एकदा तिच्याशेजारी बसून बघा. मी अशा आज्यांसोबत बसते तेव्हा बहुतेकदा दिसतं ते असं: आजीला वाचता येत नाही, म्हणून तिनं बटणाची जागा आणि रंग पाठ केलेला असतो. ‘खाली डावीकडं, हिरवं.’ मग ॲप अपडेट होतं, हिरवं बटण उजवीकडे सरकतं, वर एक जाहिरातीची पट्टी येते. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कुणी रात्रीत बदलून ठेवल्या, तर सकाळी हळदीऐवजी तिखट पडणारच. त्यात स्वयंपाक करणारीची काय चूक?

म्हणून आधी तिच्या फोनचं पहिलं पान मोकळं करा. चार-पाच चित्रंच ठेवा, बाकी सगळं आतल्या पानावर. तुमचा, तुमच्या भावाचा, शेजारच्या अक्कांचा फोटो लावून थेट फोन लागेल अशी चित्रं करा. नाव वाचायची गरजच संपते. गाणी-भजनांच्या ॲपचं आपोआप अपडेट होणं प्ले स्टोअरमधून त्या ॲपपुरतं बंद करता येतं. बँकेच्या ॲपला मात्र हे करू नका, तिथं अपडेट सुरक्षेसाठी लागतं.

भाषेसाठी अँड्रॉइड १३ पासून चांगली सोय झाली आहे: फोन मराठीत ठेवून एखादंच ॲप तेलुगूत करता येतं. सेटिंगमध्ये भाषेच्या पानावर ‘ॲप लँग्वेजेस’ शोधा. सगळीच ॲप हे देत नाहीत, पण देतात त्यांचा फायदा घ्या. वाचता येत नसेल तिथं आवाज कामाला येतो. गुगलचा कीबोर्ड तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही ऐकून लिहितो. व्हॉट्सॲपवर तर लिहायचीही गरज नाही, मायक्रोफोन दाबून धरला की झालं. हे एकच आधी शिकवा. ते हातात बसलं की पुढचं.

पैशाचे व्यवहार तिच्याकडून करून घ्यायची घाई नको. एक गोष्ट मात्र पक्की करून घ्या, पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही. कुणी पैसे पाठवतो म्हणून पिन टाकायला सांगितलं की फोन ठेवायचा.

एक गोष्ट कंपन्यांसाठीही लिहिते. आपल्या शहरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडते. पण महाराष्ट्रातला नंबर दिसला की मदतीची यंत्रणा बहुतेकदा मराठी, हिंदी, इंग्रजी एवढंच विचारते. बंगळूर किंवा हैदराबादच्या ग्राहकासाठी त्याच कंपनीनं कन्नड, तेलुगू आवाज आधीच तयार ठेवलेला असतो. तो सोलापूरच्या ग्राहकालाही उघडा करायचा, एवढीच मागणी आहे. ॲपला तारे देताना खाली हे एक वाक्य प्रत्येकानं लिहावं.

प्रश्न: ॲपवरून सामान मागवलं, बिलात मी न निवडलेले पाच रुपये ‘मदतनिधी’ म्हणून आधीच खूण करून होते. शिवाय एका ॲपची फुकट चाचणी संपल्यावर दरमहा पैसे जातायत, बंद करायचं बटण सापडत नाही. (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

हे दोन्ही प्रकार मनाई असलेले आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनेविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशा १३ क्लृप्त्या नोंदवल्या आहेत. न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी टाकणं ही एक, वर्गणीत शिरणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड ठेवणं ही दुसरी. ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई आणि शेवटच्या पानावर वाढणारी किंमतही त्याच यादीत येते.

वर्गणी कंपनीच्या ॲपमध्ये शोधत बसू नका. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची यादी असते, तिथून ती थेट रद्द करता येते. कार्डावरून जात असेल तर बँकेच्या ॲपमध्ये बघा. असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे. ती सूचना जाहिरातींच्या मेसेजात बुडून जाते, तरी शोधा. मग स्क्रीनशॉटसह १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पाच रुपयांसाठी कोण भांडणार, असं वाटू देऊ नका. हा सगळा हिशेब तुम्ही भांडणार नाही, यावरच बेतलेला असतो.

प्रश्न: नवीन वीजमीटरवर आकडे सारखे बदलतात. रीडिंग कुठलं? (होटगी रोड)

स्क्रीनवर तारीख, वेळ, व्होल्टेज असं एकामागून एक फिरत असतं. ज्या आकड्याशेजारी ‘के डब्ल्यू एच’ ही इंग्रजी अक्षरं येतात, ते तुमचे युनिट. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्याचा फोटो काढा आणि मागच्या फोटोतला आकडा वजा करा. बिलाशी मेळ बसला नाही तर १९१२ या विजेच्या हेल्पलाइनवर तक्रार.

प्रश्न: वॉशिंग मशीन बिघडलं. कंपनीचा नंबर मोबाइलवरच्या एआयला विचारला, त्यानं छान मराठीत सांगितला. फोन लावला तर त्यांनी एक ॲप टाकायला लावलं आणि १० रुपये ‘नोंदणी फी’ भरायला पिन टाकायला सांगितला. नंतर खात्यातून मोठी रक्कम गेली. चार दिवस झाले, घरात सांगायची लाज वाटते. (गृहिणी, सात रस्ता परिसर)

ताई, आज घरात सांगा आणि आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लाज त्यांना वाटायला हवी, तुम्हाला नाही.

झालं ते असं. इंटरनेटवर ठिकठिकाणी कंपन्यांच्या नावानं भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. एआय उत्तर जुळवताना तेही उचलू शकतो. चुकीचं उत्तरही तो बरोबर उत्तराइतक्याच शुद्ध, ठाम भाषेत देतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंका येत नाही. तुम्हाला टाकायला लावलेलं ॲप बहुधा स्क्रीन पलीकडे दाखवणारं असावं. तुम्ही पिन टाकलात, तो त्यांनी पाहिला असावा.

पैशाचं खरं तेच सांगते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार ग्राहकाचा काहीच दोष नसेल आणि त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला तोशीस पडत नाही. पिन ग्राहकाकडून उघड झाला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान त्याच्यावर येतं. पण बँकेला कळवल्यानंतर गेलेल्या प्रत्येक रुपयाची जबाबदारी बँकेची असते. म्हणून चार दिवस झाले तरी तक्रार करायचीच. १९३० वर नोंद झाली की पैसे ज्या खात्यांत फिरले ती गोठवायचा प्रयत्न होतो, आणि काही वेळा तिथं रक्कम अडकलेली सापडते.

क्रम असा ठेवा: फोनचं इंटरनेट बंद करा, ते ॲप काढून टाका, दुसऱ्या फोनवरून १९३० आणि बँकेला कळवा, बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या, मग यूपीआय पिन आणि पासवर्ड बदला. वॉशिंग मशीनचा नंबर वॉरंटी कार्डावर किंवा बिलावर असतो, बँकेचा पासबुकावर आणि कार्डाच्या मागे. बँकेचं संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी ‘बँक डॉट इन’ आहे ना, हे बघा, रिझर्व्ह बँकेनं बँकांना तो पत्ता घ्यायला लावला आहे. सायबर पोलिसांकडे जाताना व्यवहाराचे मेसेज पुसू नका. त्या भामट्याचा नंबरही फोनमध्ये तसाच राहू द्या, तपासाला तो लागेल.