जानेवारीत न्यूझीलंडमधल्या डनेडिनला मुलीकडे जाणार आहोत. सँडफ्लाय बे पाहण्यासारखा आहे का? साठीच्या माणसांना झेपेल का?

तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात लिहिलंय की मुलगी ओटागो विद्यापीठात शिकते, तुम्ही दोघं मूळचे रत्नागिरीकडचे, पत्नीचा एक गुडघा कुरकुरतो आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की ‘संध्याकाळी जा, म्हणजे पेंग्विन दिसतील’. मी बरीच वर्षं डनेडिनमध्ये राहतो आणि शहराच्या आसपासच्या किनाऱ्यांपैकी हा माझा सगळ्यात आवडता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जरूर जा. पण संध्याकाळी जाऊ नका. सकाळी निघा आणि दुपारी तीनच्या आत किनारा सोडा. असं का, ते पुढे येईलच.

आधी पोहोचायचं कसं ते सांगतो. शहरातून हायक्लिफ रोडने डोंगरमाथ्यावरून अर्ध्या तासाच्या आत सील पॉइंट रोड लागतो. रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, त्यामुळे मुलीला सवय असेल तर गाडी तिलाच चालवू द्या. हा किनारा शहराला लागून असलेल्या ओटागो द्वीपकल्पावर आहे. तिथे बस येते, पण ती हार्बरच्या कडेने पोर्टोबेलोकडे जाते, या बाजूला येत नाही. पार्किंगपासून वाट आधी मेंढ्यांच्या कुरणातून जाते. तिथे फाटक लागलं तर आपल्यामागे जसं होतं तसं लावून घ्यायचं. कुरण संपलं की पायाखालची माती हळूहळू वाळूत बदलते आणि एकदम समोर सगळा उपसागर उघडा पडतो: खाली लांबच लांब फिकट किनारा, त्याच्या मागे वाळूच्या उंच टेकड्या, दोन्ही टोकांना काळे कडे. दुकान नाही, टपरी नाही, जीवरक्षक नाही. पाणी आणि खायचं घरूनच न्या, आणि बाथरूमची सोय शहरातच उरकून निघा.

पत्नींच्या गुडघ्याचा निर्णय या टेकडीच्या माथ्यावर घ्यायचा. इथून खाली उतरणं म्हणजे मजा असते, भुसभुशीत वाळूत टाच रोवत माणूस आपोआप खाली जातो. परत येताना मात्र तीच वाळू एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे ओढते. कोरडी वाळू साधारण ३३ अंशांपेक्षा जास्त उभी राहू शकत नाही, त्याहून तीव्र झाली की घसरते. टेकडीची आडोशाची बाजू नेमकी त्या मर्यादेवर टेकलेली असते, म्हणून तिच्यावर पाय टाकला की पायाखालचा सगळा थर सरकतो. चढताना सरळ वर न जाता तिरकं जा, आणि आधीच्या माणसांच्या पावलांनी जिथे वाळू दाबली गेलीय तिथेच पाय ठेवा. गुडघा खरंच दुखरा असेल तर त्यांनी माथ्यावरच बसावं. सबंध किनारा वरूनच नीट दिसतो, त्यांचं फार काही हुकणार नाही.

आता वारा. या जागेचं सगळं रूप वाऱ्याने केलेलं आहे. डनेडिन जवळजवळ ४६ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. किनाऱ्यावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलंत तर काही छोटी बेटं सोडता थेट अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही. तिकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. ‘सदर्ली’, म्हणजे हा दक्षिणेचा वारा, आली की अर्ध्या तासात तापमान आठ-दहा अंशांनी उतरतं. जानेवारी हा तिथला भर उन्हाळा, तरी विंडचीटर आणि कानटोपी पिशवीत असू द्या. सनस्क्रीनही लावा, कारण गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि न्यूझीलंडमधलं ऊन फार भाजतं.

‘सँडफ्लाय’ म्हणजे चावरी माशी, त्या नावामुळे भीती वाटत असेल तर ती सोडून द्या. मिलफर्ड साउंडकडे छळणाऱ्या त्या माश्यांशी या नावाचा संबंध नाही, इथे वाळूच उडते. आणि ती कशी उडते हे पाहायला माथ्यावर थोडं खाली वाकून बसा. वारा साधारण ताशी २० किलोमीटरच्या वर गेला की कोरडे कण जागेवरून उचलले जातात, टुणकन उडी मारतात, पुढे जाऊन आपटतात आणि आपटताना आणखी दोन-चार कणांना उडवतात. हा सगळा खेळ जमिनीलगत चालतो. घोट्यापाशी सुया टोचल्यासारखं होतं आणि त्याच वेळी चेहऱ्याला काहीच लागत नाही. लोक टेकडीकडे लांबून बघतात आणि ती स्थिर आहे असं समजतात. वाकून पाहिलं तर वरचा थर धुरासारखा सरपटत असतो, गवताच्या पातीमागे वाळूची छोटीशी शेपटी तयार होते, आणि बघता बघता आपल्याच पावलाचा ठसा बुजतो. कॅमेऱ्याची लेन्स इथे बदलू नका. मोबाइलही खिशात ठेवलेला बरा.

मला सगळ्यात जास्त नवल या वाळूच्या प्रवासाचं वाटतं. ओटागो द्वीपकल्प हा सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या ज्वालामुखीचा अवशेष आहे, म्हणून दोन्ही टोकांचे कडे काळे दिसतात. तुम्ही कोकणातले, काळा कातळ तुमच्या ओळखीचा. पण अशा काळ्या खडकातून इतकी फिकट, चमचमती वाळू निघणं शक्य नाही. ती बाहेरून आलेली आहे. दक्षिण बेटाच्या आतल्या डोंगरांमधला अभ्रकाने चकाकणारा खडक झिजतो, क्लूथा नदी त्याचा गाळ समुद्रात आणते, आणि ‘साउथलंड करंट’ नावाचा प्रवाह तो गाळ किनाऱ्याकिनाऱ्याने ईशान्येकडे वाहत नेतो. ३३८ किलोमीटर लांबीची क्लूथा ही दक्षिण बेटावरची सगळ्यात लांब नदी. वाटेत द्वीपकल्प आडवं येतं, लाटा वाळू काठावर टाकतात आणि वारा तिला टेकडीवर चढवतो. मूठभर ओली वाळू उन्हात धरून पाहा, अभ्रकाचे बारीक पापुद्रे चमकताना दिसतील. याच क्लूथेवर १९५६ पासून रॉक्सबर्गचं धरण आहे, पुढे क्लाइडचंही झालं. धरणामागे गाळ अडतो, आणि नदीशी जन्माचं नातं असलेल्या अशा किनाऱ्याकडे पाहताना ते माझ्या मनातून जात नाही.

टेकड्यांवर दोन प्रकारचं गवत दिसेल. हिरवट-करडं, दाट झुबक्यांचं ते मॅरम, वाळू रोखण्यासाठी युरोपातून आणून लावलेलं. त्यानेच टेकड्या मूळच्यापेक्षा जास्त उभ्या आणि ताठ केल्या. सोनेरी-केशरी पात्यांचं, विरळ वाढणारं ते पिंगाओ, इथलं मूळचं. माओरी लोक विणकामात त्याची पाती वापरतात. मॅरमने त्याला बऱ्याच ठिकाणांहून हुसकावलं. पिंगाओचा झुबका दिसला तर त्याच्यावर पाय पडू देऊ नका.

आता पेंग्विन. इथे येतो तो पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन, माओरीत ‘होइहो’. जगातल्या सर्वांत दुर्मीळ पेंग्विनांपैकी एक. पाच डॉलरच्या नोटेवर एका बाजूला एडमंड हिलरी आहेत, दुसऱ्या बाजूला हाच पक्षी. लोकांचा तो इतका लाडका की २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये ‘वर्षाचा पक्षी’ म्हणून त्याचीच निवड झाली. तरीही मुख्य भूमीवर त्याची संख्या गेल्या काही दशकांत भयानक घटली आहे.

होइहो दिवसभर समुद्रात मासे पकडतो आणि दुपार कलल्यावर पिल्लांसाठी पोटात मासे घेऊन किनाऱ्याला लागतो. पिल्लं नोव्हेंबरमध्ये जन्मतात. तुम्ही येणार त्या जानेवारीत ती मोठी आणि अधाशी झालेली असतात, त्यामुळे आई-बाप दोघांनाही समुद्रावर जावं लागतं. हा पक्षी विलक्षण बुजरा आहे. लाटेतून डोकं वर काढल्यावर वाळूवर माणसं दिसली तर तो बाहेरच येत नाही. पाण्यात थांबून राहतो, तासन् तास, आणि तिकडे पिल्लं उपाशी. हे नुसतं सांगोवांगी नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच सँडफ्लाय बेमधल्या पेंग्विनांची माणसांची वर्दळ नसलेल्या जागेवरच्या पेंग्विनांशी तुलना केली होती. इथल्या पक्ष्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त आढळली, आणि पिल्लं जगण्याचं प्रमाणही कमी.

जानेवारीत इथे रात्री साडेनऊच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे ‘संध्याकाळी जा’ असा सल्ला मानणारी माणसं नेमकी पिल्लं भरवण्याच्या वेळी चार-पाच तास किनाऱ्यावर रेंगाळतात. त्यातली बहुतेक जण प्राणिप्रेमी असतात, हेच मला फार लागतं. दिवसा पेंग्विन दिसलाच तर निदान ५० मीटर लांब राहा, आणि तो पाण्याकडे किंवा पाण्याकडून जात असेल तर त्याची वाट अडणार नाही अशा बेताने खाली बसून घ्या.

दिवसा हमखास भेटतात ते समुद्रसिंह, म्हणजे सी लायन. लांबून ते वाहून आलेल्या ओंडक्यासारखे दिसतात. झोपेत वल्ह्यासारख्या परांनी अंगावर वाळू उडवून घेतात, त्यामुळे जवळ जाईपर्यंत कळत नाही. मोठा नर तीनशे-चारशे किलोंचा असतो आणि वाळूवर धावताना आपल्यापेक्षा वेगवान. किमान २० मीटर अंतर ठेवा, आणि त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये कधीही उभे राहू नका. तो अंगावर आलाच तर शांतपणे मागे सरका. टेकड्यांच्या खळग्यांतही बघून चाला, कारण माद्या पिल्लांना घेऊन आत, गवतात जाऊन बसतात. शिकारीमुळे मुख्य भूमीवरून हा प्राणी नाहीसाच झाला होता. १९९३ मध्ये ‘मम’ हे नाव दिलेल्या मादीने ओटागोच्या किनाऱ्यावर पिल्लाला जन्म दिला आणि तिच्या लेकी-नातींनी इथे पुन्हा वस्ती केली. म्हणून वाळूत परांचा तो रुंद, मध्ये पोट ओढल्याची रेघ असलेला माग दिसला की मला अजूनही भरून येतं.

पोहायचा विचार करू नका. रत्नागिरीकडच्या पुळणीवर डुंबायची सवय असेल, पण इथलं पाणी उन्हाळ्यातही १४-१५ अंशांच्या आसपास असतं, ओढ जबर असते आणि हाक मारली तर ऐकणारं कोणी नसतं.

ज्या दिवशी जायचं ठरवाल त्या दिवशी सकाळी वाऱ्याचा अंदाज बघा. ताशी ५० किलोमीटरच्या वर असेल तर खाली उतरू नका, डोळे उघडे ठेवता येणार नाहीत. पण तो दिवस घरात बसून घालवू नका. सरळ द्वीपकल्पाच्या टोकाला, तायारोआ हेडला जा. तिथे रॉयल अल्बट्रॉसची वसाहत आहे. सुमारे तीन मीटर पंखांचा हा पक्षी वारा नसला की नुसता बसून राहतो, आणि वारा जोरात असला की तुमच्या डोक्यावरून पंख न हलवता तरंगत जातो. तिथेच खाली पायलट्स बीचवर अंधार पडल्यावर छोटे निळे पेंग्विन घरी परततात. तिकीट काढून बांधलेल्या सज्जातून ते बघता येतात, आणि त्यांची वाट मोकळी राहील याची काळजी तिथली माणसं घेतात. तिकीट आधीच काढून ठेवा, जानेवारीत जागा पटकन भरतात. पेंग्विन पाहायचेच असतील तर तिथे पाहा. सज्जापर्यंत थोडं उतरावं-चढावं लागतं, पण पायवाट बांधलेली आहे, पत्नींनाही जमेल.