रात्रीच्या हायवेवर गाडीची स्क्रीन: किती मंद, आणि चालू ठेवावी की बंद

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. नव्या गाडीची सव्वादहा इंची स्क्रीन 'ऑटो' ब्राइटनेसवर असूनही रात्री डोळ्यांवर येते, त्याला काय करायचं? आणि शेजारी बसणारे वडील म्हणतात तशी ती रात्री बंदच ठेवावी, की नकाशासाठी चालू असलेली बरी? पुणे–कोल्हापूर असं रात्रीचं येणं-जाणं आहे असंही लिहिलंत, म्हणून त्याच रस्त्याला धरून सांगतो.

माझं मत आधी सांगून टाकतो. वडिलांचं बरंचसं बरोबर आहे. शहरात आणि वळणा-फाट्यांवर स्क्रीन चालू असू द्या, पण ब्राइटनेस तुम्ही स्वतः ठरवा. हायवेच्या सरळ पट्ट्यात ती बंद करा. प्रश्न नुसत्या डोळ्यांच्या थकव्याचा असता तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. प्रश्न रस्त्यावरच्या बिनदिव्याच्या वाहनांचा आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला की कराडच्या पुढे, कासेगाव, पेठ नाका ते किणी टोलनाक्यापर्यंत रात्रभर ट्रॅक्टर चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागचा दिवा असला तर असला. रेडियम लावलेलं असतं, पण ऊस मागे लोंबत असतो आणि त्याच्या आड ते झाकून जातं. अशी ट्रॉली डिपरच्या उजेडात पन्नास-साठ मीटरवर आल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि दिसते तीही एक करडी सावली म्हणून. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलंत तर 44 मीटर गेले. उरलेल्या अंतरात ब्रेक लागून गाडी थांबत नाही.

आता तुम्ही स्क्रीनकडे पाहतच नाही असं धरलं, तरी ती नुसती उजळ असल्यानेही नुकसान होतं. डोळ्यात शिरलेला उजेड आत थोडा विखुरतो आणि जे पाहायचंय त्यावर पुसट पांढरा थर चढल्यासारखा होतो. रस्त्याच्या उजळ गोष्टींना त्याने फरक पडत नाही. करड्या सावलीसारख्या गोष्टी मात्र त्यात बुडतात. उजेड नजरेच्या रेषेच्या जितका जवळ, तितका हा त्रास जास्त. म्हणून डॅशबोर्डवर उंच उभी केलेली आजकालची 'फ्लोटिंग' स्क्रीन, जुन्या खाली बसवलेल्या स्टिरिओपेक्षा जास्त नडते. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. गाडी चालवताना ते तसंही कधी पूर्ण होत नाही, कारण समोरून दिवे येतच राहतात. 'मग समोरच्या अप्परपुढे स्क्रीनचं काय एवढं' असं बरेच जण म्हणतात. पण समोरचा ट्रक निघून जातो. स्क्रीन चार तास तुमच्यासोबत असते.

वडील कधी गाडी हातात घेत असतील तर हे त्यांच्यासाठी अधिकच लागू आहे. वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. विखुरणं मात्र वाढतं, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर फारच. म्हणून वडिलांना जे खुपतंय ते तुम्हाला कमी खुपत असणार. त्यांची तक्रार मनावर घ्या.

ब्राइटनेस ठरवायची माझी पद्धत अशी. रस्त्यापासून आत, पथदिवे नसलेल्या सुरक्षित जागी गाडी उभी करा, डिपर चालू ठेवा आणि दहा मिनिटं नुसते बसा. मोबाइल खिशात. मग डिपरचा उजेड जिथे संपतो तिथली एखादी गोष्ट धरा, बांधावरची बाभळ, मैलाचा दगड, काहीही. डावा तळवा डोळे आणि स्क्रीन यांच्या मध्ये धरा, पुन्हा काढा. तळवा धरल्यावर बाभळीचा बुंधा सुटा दिसतो आणि काढल्यावर मागच्या काळोखात मिसळतो, असं होत असेल तर ब्राइटनेस अजून जास्त आहे. उतरवत जा. तळव्याने काही फरक पडेनासा झाला की थांबा. त्या पातळीवर स्क्रीन नेहमीच्या मानाने फारच मंद वाटेल. आकडा एका नजरेत वाचता आला की पुरे. हीच कसरत मीटरसाठीही, म्हणजे स्टिअरिंगमागच्या वेग-इंधन दाखवणाऱ्या फलकासाठीही, करा. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट चालू असताना मीटरवरची खुंटी फिरवली की तिथला उजेड कमी-जास्त होतो. ती सोय पुष्कळ मालकांना माहीतच नसते.

'ऑटो' का फसतं, तर बहुतेक गाड्यांत त्याला दिवस आणि रात्र एवढंच कळतं. हडपसरचा उजेड आणि साताऱ्यापुढच्या नागठाण्याचा काळोख त्याला सारखाच. त्यात स्टिरिओ बाहेरून बसवलेला असेल तर आधी वायरिंग बघा. पार्किंग लाइट लागल्याचा सिग्नल स्टिरिओला देणारी एक वायर असते, तिच्यावर 'आयएलएल' लिहिलेलं असतं. बसवणारा घाईत ती मोकळीच सोडतो, मग स्क्रीन रात्रीही दिवसाच्या ब्राइटनेसवर जळत राहते. कोणताही गाडीचा इलेक्ट्रिशियन ती जोडून देईल. नंतर सेटिंगमध्ये रात्रीची ब्राइटनेस वेगळी ठरवता येते का तेही पाहा.

नकाशाचा डार्क मोड कायमचा लावा, 'ऑटोमॅटिक'वर ठेवू नका. पण तेवढ्यावर थांबू नका. गाड्यांतल्या बहुतेक स्क्रीन एलसीडी असतात आणि त्यांच्या मागचा दिवा काळ्या चित्रामागेही जळत असतो. त्यामुळे 'काळी' स्क्रीन अंधारात राखाडी चमकते. ब्राइटनेस उतरवावीच लागते.

समोरची काच आतून पुसली आहे का? बाहेरून सगळे पुसतात. नव्या गाडीत प्लास्टिकमधून निघणारी वाफ काचेवर आतून बसते, तिचा तेलकट पापुद्रा दिवसा दिसत नाही, रात्री त्यावर स्क्रीन आणि समोरचे दिवे दोन्ही पसरतात. कोरडं मायक्रोफायबर फडकं, थोडं काच साफ करायचं लिक्विड, कोपऱ्यांपर्यंत. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश लावू नका. आणि 'नाइट ड्रायव्हिंग'चे पिवळे चष्मे घेऊ नका: ते असलेला उजेडही कमी करतात.

डिजिटल मीटरबद्दल एक वेगळी काळजी आहे. पूर्वी हेडलाइट लावले नाहीत तर मीटर काळोखात राही, आणि चूक लगेच कळे. आता मीटर कायम उजळलेलं. पुढच्या डीआरएलचा, म्हणजे दिवसा आपोआप लागणाऱ्या दिव्यांचा, थोडा उजेडही रस्त्यावर पडतो, आणि माणूस मागचे दिवे न लावताच शहराबाहेर पडतो. कॅनडाने यासाठी सप्टेंबर 2021 पासून नव्या गाड्यांना नियम केला: मीटर उजळलं तर अंधारात मागचे दिवे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर मीटर काळं राहिलं पाहिजे. आपल्याकडे असं काही होईपर्यंत हेडलाइटचा स्विच हातानेच तपासा.

राहिला चालत्या गाडीत हात लावण्याचा प्रश्न. स्वीडनच्या 'वी बीलेगारे' मासिकाने 2022 मध्ये नव्या टचस्क्रीनच्या गाड्या आणि 2005 ची बटणांची वोल्वो व्ही 70 ताशी 110 किलोमीटरवर पळवून पाहिल्या. चार कामं दिली होती, त्यातलं एक नेमकं हेच: मीटरचा उजेड सगळ्यात कमी करा आणि मधली स्क्रीन बंद करा. जुन्या वोल्वोत चारही कामं दहा सेकंदांत झाली. सगळ्यात मागे पडलेल्या गाडीत जवळपास 45 सेकंद लागले, तेवढ्यात ती 1,372 मीटर गेली. म्हणजे ब्राइटनेस काय ती निघण्याआधी किंवा ढाब्यावर थांबल्यावर. वाटेत अजिबात नाही. स्टार चिन्हाचं बटण असेल तर त्याला 'डिस्प्ले ऑफ' नेमून देता येतं का पाहा. तसं झालं तर एका बोटाचं काम. मूळ विमानांच्या कंपनीतून निघालेल्या साबने तर 1990 च्या दशकात आपल्या मोटारींत यासाठी वेगळं बटणच दिलं होतं. ते दाबलं की स्पीडोमीटर सोडून सगळं काळं, आणि इंधन संपत आलं की तेवढा काटा उजळे. आजच्या एवढ्या मोठ्या स्क्रीनवर ही सोय प्रत्येक गाडीत असायला हवी होती.

नकाशाचा उपयोग मी नाकारत नाही. अनोळखी फाटा, शहरातून बाहेर पडणं, घाटातलं पुढचं वळण किती तीव्र आहे, हे तो चांगलं सांगतो. पण तुमचा रस्ता पाठ आहे. शिवाय सातारा–कागल रुंदीकरणाचं काम चालू असलेल्या टप्प्यात नकाशा सरळ रेघ दाखवतो आणि प्रत्यक्षात रस्ता अचानक डावीकडे सर्व्हिस रोडवर उतरतो. तिथे बॅरिकेडवरचं रेडियम तुम्हालाच शोधावं लागतं. सूचनांचा आवाज मराठीत लावता येतो, तो चालू ठेवा आणि साताऱ्याजवळचं शेंद्रे मागे पडलं की स्क्रीन बंद करा, एका बटणाने होत नसेल तर थांबून. कोल्हापूरच्या कावळा नाक्याच्या अलीकडे पुन्हा लावा. मधल्या वेळात काही बघायचंच झालं तर वडील शेजारी आहेत, मोबाइल त्यांच्या हातात द्या, तोही मंद करून.