रोज पाच तास झोपून रविवारी झोप भरून काढली तर चालतं का?

नाही चालत. चालतंय असं वाटतं एवढंच, कारण कमी झोपणाऱ्याला आपण किती मंदावलोय ते स्वतःला कळत नाही. मी फोर्जिंग शॉपमध्ये बरीच वर्षं थर्ड शिफ्ट काढली आहे. पहाटे तीन ते पाच सुपरवायझरसुद्धा उभ्या उभ्या पेंगतो आणि रिजेक्शनही नेमकं त्याच वेळात निघतं.

तुम्ही लिहिलंय, 'घरचे म्हणतात तरुण वयात झोप कसली.' ते वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. पुतण्याचा साखरपुडा होता, मुलगी नाशिकची. मी रात्रपाळी करून सकाळी सातला भोसरीत सुटलो, मंचरपर्यंत एसटीत उभा. घरी पोचलो तर दादाने परस्पर ठरवून टाकलेलं की तवेरा मी चालवायची, ड्रायव्हरचे पैसे वाचतील. मी सांगितलं, स्टिअरिंगला हात लावणार नाही, मागच्या सीटवर झोपणार. अंगणात सगळी भावकी. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "एक रात्र जागलास तर मरतोस का? आम्ही रात्रभर उसाला पाणी देऊन सकाळी औत धरायचो."

धरत असतील. औताचा बैल मालक पेंगला तर थांबतो. तवेरा थांबत नाही.

सलग १७ ते १९ तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंद होतो, हे तपासून झालेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा आहे ०.०३ टक्के. मी तर आदल्या दुपारपासून जागा होतो. दादा माळकरी. भावाला दारू पाजून स्टिअरिंगवर बसवलं असतं का त्याने? शेवटी गावातलाच एक पोरगा आला, पंधराशे घेतले. ते पंधराशे पुढे दर सणाला निघायला लागले, तेव्हा एका दिवाळीत मी दादाच्या हातावर ठेवले. घेतले त्याने!

त्याचा दुसरा मुद्दा, दिवसा झोपणं आयुर्वेदात निषिद्ध. अर्धवट ऐकलेलं. अष्टांगहृदयात वाग्भट सांगतो की सवय नसताना जागरण झालं तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपावं. उन्हाळ्यात तर दिवसा झोपायला एरवीही मुभा आहे. आमच्याकडे मात्र दुपारी दार लावलं की 'लवकर निजे लवकर उठे' सुरू. अहो, निजू कधी? कंपनी बंद करून?

तुमचा रविवार राहिला. रविवारी जास्त झोपलात तर त्या दिवशी बरं वाटतं, आठवडाभराची तूट काही त्याने मिटत नाही. शिवाय अकराला उठलात की रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही, मग सोमवार गेला. त्यापेक्षा उठायची वेळ रोज तीच ठेवा आणि रात्री तासभर आधी पडा. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. संध्याकाळचा चहा तोडा, चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. शिफ्टवाल्यांनी खिडकीला काळा कागद लावावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, बेल बंद करावी. नातेवाईक रुसतात, रुसू द्या. कॉटबेसिसवर राहणाऱ्याला हे सगळं जमत नाही, मान्य. त्याने निदान डोळ्यांवर फडकं बांधावं.

ओव्हरटाइम दुप्पट मिळतो म्हणून पोरं डबल ड्युटी करतात. करा. पण त्या दिवशी बाइक कंपनीत ठेवून बसने घरी जा.

कमी झोपेवर खरोखर ठणठणीत राहणारे लोक असतात, पण फार थोडे. आपण त्यातले, असं समजून चालू नका. आणि आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, घोरताना श्वास अडकत असेल, तर वरचं काहीच उपयोगाचं नाही, डॉक्टरकडे जा. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. आमचा दादा कीर्तनात पहिल्याच अभंगाला मान टाकतो. वहिनी म्हणतात, रात्री मध्येच श्वास थांबतो त्यांचा. तपासून घेऊ म्हटलं की म्हणतो, "झोपेचे एवढे लाड तुलाच रे बाबा."