‘इन स्टेप विथ’ला मराठीत काय म्हणायचं?
चालण्याबद्दल असेल तर ‘पावलाला पाऊल मिळवून’, विचारांबद्दल असेल तर ‘सूर जुळणे’. मूळ अर्थ कवायतीतला, सगळ्यांचा डावा पाय एकाच ठेक्याला पडणे. आपल्या सोलापुरात गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम आठवा ना. हलगीवर अख्खी रांग एकदम वाकते आणि एकाचा पाय चुकला की लगेच नजरेत भरतो. तो झाला ‘आउट ऑफ स्टेप’. ‘इन लॉकस्टेप’ मात्र जपून वापरा. १९व्या शतकात अमेरिकेतल्या ऑबर्न तुरुंगात कैद्यांना खेटून, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालवत, त्यात ही चाल बदनाम झाली. म्हणून त्यात बहुतेकदा टोमणा असतो: डोकं न चालवता मागे जाणारे. कौतुक म्हणून लिहाल तर फसाल.