मेंढपाळ नातेवाइकांकडे शहरातली मुलं घेऊन राहायला जायचंय. केव्हा जावं, काय सांभाळावं?

माझं आजोळ सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातलं. मामाची मेंढरं आहेत, म्हणून तिकडचंच सांगते.

आधी फोन करून वाडा (म्हणजे मेंढरांचा तळ) कुठे उतरलाय ते विचारा. दिवाळीनंतर आमच्याकडचे बरेच कळप चाऱ्यापाण्यासाठी नदीकाठच्या गावांकडे निघतात, खतासाठी शेतकऱ्यांच्या रानात बसतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर घरी म्हातारी माणसंच भेटायची. श्रावण-भाद्रपद उत्तम.

मुलांना गुबगुबीत लोकरीची आशा लावू नका. आमच्याकडची माडग्याळी जातीची मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, बाकदार नाक. ती पाळतात मटणासाठी, लोकर नावालाच. घोंगडीची काळी लोकर असते ती दख्खनी मेंढीची.

पहाटे उठून रानात जायचा हट्ट नको. पावसाळ्यात दवाच्या गवतावर चारलं की जंत होतात, म्हणून ऊन वर आल्यावरच कळप सुटतो. लहान कोकरं वाड्यावरच राहतात. खरी गंमत दिवस मावळताना. कळप दिसला की कोकरं वाघरीतून (म्हणजे जाळीच्या कुंपणातून) जो गलका करतात, त्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सोडली की जिला-तिला ढुशा देत सुटतात. मेंढी शेपटीखाली हुंगते. आपलं असेल तर पाजते, नसेल तर सरळ टक्कर मारते. मामी मग एकेक चुकार कोकरू उचलून आईखाली लावते. मुलांना हे काम जरूर करू द्या.

किती मेंढरं आहेत, हे मात्र विचारू नका. पगार विचारल्यासारखं होतं ते. रात्री वाड्याबाहेर जायचं तर घरच्या माणसाला हाक मारा, कुत्री पाहुणा ओळखत नाहीत. दूध उकळूनच प्या. बरोबर कुणी गरोदर असेल तर विणाऱ्या मेंढीपासून आणि वारेपासून (म्हणजे विल्यावर पडणाऱ्या जारापासून) तिला लांब ठेवा, त्यातून संसर्ग होऊ शकतो. हे गमतीवारी नेऊ नका.

आणि पोचल्या पोचल्या सांगून टाका, "मामी, आम्हाला भाकरी अन् हुलग्याचं माडगंच पायजे." (माडगं म्हणजे पिठाची पातळ कढण.) नाहीतर तुमच्यासाठी एखादं पालवं (कोवळं बकरं) कापतील. आजच्या भावात ते त्यांना परवडत नाही, आणि नको म्हणणं त्यांच्या तोंडून यायचं नाही. नेताना मिठाईऐवजी चांगली बॅटरी आणि जाड ताडपत्री न्या.