जुनी लूना विजेवर चालवण्याआधी

मोटर कोणती घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मात्र सुरुवात सांगाड्यापासून करावी. इंजिन उतरवल्यावर चेसिसचे सांधे घासून नीट पाहावेत, कारण गंजलेल्या पत्र्यावर बॅटरीचे वजन लादणे धोक्याचे असते. हब मोटरच्या (चाकाच्या मध्यभागीच बसणाऱ्या मोटरच्या) आसाच्या चपट्या बाजू चाक धरणाऱ्या सांगाड्याच्या खाचेत घट्ट बसल्या नाहीत, तर जोर लागताच आस फिरतो आणि त्यातून निघणारी वायर पिळवटून तुटते. म्हणून जाड पोलादी टॉर्क आर्म (आसाला फिरू न देणारी पट्टी) नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून मापाबरहुकूम करून घ्यावा. ४८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे ९६० वॉट-अवर ऊर्जा मावते. किलोमीटरला ३० वॉट-अवर धरले, तरी शहरातल्या फेऱ्यांना ती पुरते. बीएमएस, म्हणजे बॅटरीला जास्त चार्ज किंवा डिस्चार्ज होण्यापासून वाचवणारे सर्किट, नसलेली बॅटरी घेऊच नये, मग दुकानदार ती कितीही स्वस्त देवो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगतच असावा. नोंदणीकृत गाडीसाठी मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची परवानगी लागते, तेव्हा खरेदीपूर्वीच तिथे चौकशी करावी. मोटरला मिळणारी वीज नियंत्रित करणारा कंट्रोलर सीटखाली, वायरींची तोंडे खाली करून बसवावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत आत शिरणार नाही.