बंधाऱ्यात मासे मरतात, तपासणीत मात्र पाणी ‘ठीक’ निघतं. आता काय करावं?

तुम्ही विचारलंय की दर उन्हाळ्यात गावच्या बंधाऱ्यात मासे मरतात, फोटो टाकून झाले, निवेदनं देऊन झाली, पण अहवाल पाणी ठीक असल्याचाच येतो. नमुना किती वाजता घेतला, हे आधी विचारा.

मी शिरोळ तालुक्यातला, पंचगंगेच्या काठचा. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आम्हाला नवा नाही. पहिल्या वेळी मीही शहाणपणा केला. दुपारी जेवूनखाऊन नदीवर गेलो, पाण्याची एक रिकामी बाटली अर्धी भरली आणि खासगी प्रयोगशाळेत नेऊन दिली. विरघळलेला ऑक्सिजन उत्तम आला! इकडे वासानं काठावर उभं राहवत नव्हतं.

चूक माझीच होती. बंधाऱ्याला पाणी अडवायचे बरगे (फळ्या) घातलेले, पाणी तुंबलेलं, त्यात वरच्या गावाशहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी. ती घाण कुजताना ऑक्सिजन संपत जातो. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी आकडा चांगला दिसतो. रात्री तेच शेवाळ उलट ऑक्सिजन ओढतं. माशांचा जीव जातो तो पहाटे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात माशांसाठी लिटरला किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. हे मोजायचं उजाडायच्या आत, शक्यतो ऑक्सिजन मोजायचं यंत्रच पाण्यात सोडून. बाटलीच भरायची तर काठोकाठ, एकही बुडबुडा न ठेवता, आणि त्यात जागेवरच रसायनं घालावी लागतात. त्यासाठी जवळच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर गाठा.

मेलेले मासेही नीट बघा. मोठे राहू-कटला आधी गेले आणि मरळ जिवंत असला, तर बहुधा ऑक्सिजनचाच प्रश्न, कारण मरळ वर येऊन हवा घेतो. लहानमोठे सगळे एकदम गेले, मरळसुद्धा, तर विषाचा संशय धरा. मग ते मासे कुणाला खाऊ देऊ नका, जनावरांनाही ते पाणी नको.

आता कायद्याचं. कारखान्यावर खटला उभा करायला आपली बाटली उपयोगाची नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम 21 वाचा. प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानं नमुना घेऊन, कारखान्याला तिथेच नोटीस देऊन, त्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करून, सील आणि सह्या झाल्या, तरच तो निकाल पुराव्यात धरतात. म्हणून पहाटेच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन करा, लगेच ईमेलही करा. त्यात वेळ आणि नाला कुठे मिळतो ती जागा लिहा, आणि ‘कलम 21 प्रमाणे नमुना घ्यावा’ असे शब्द घाला. तलाठी आणि ग्रामसेवकांकडून पंचनामा करून घ्या. आकडा त्यात नसला तरी तारीख राहते.

भोई मंडळींना मात्र वेगळं सांगा: मासेविक्रीच्या वह्या, ठेक्याच्या पावत्या, संस्थेचं सभासदत्व, काही फेकू नका. भरपाईसाठी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात 5 वर्षांच्या आत अर्ज करता येतो. उरणकडच्या पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर 2015 मध्ये तिथूनच 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटींच्या भरपाईचा आदेश झाला. आदेश म्हणजे हातात पैसे नव्हेत, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि पहिला वळीव पडला की दुसऱ्या दिवशी पहाटे बंधाऱ्यावर जाच. नाल्यांत महिनोन् महिने साचलेलं सगळं त्या पावसात एकदम नदीत उतरतं.